तसबिरीखालची एक ओळ

तिबेरिया सरोवराच्या दक्षिण काठावर, सेमख गावाजवळच्या सपाट माळावर एक अवाढव्य विमान उभे आहे. पंख दुमजली, त्यांच्यामध्ये खांबांचे आणि तारांचे जाळे, चार इंजिने आणि नाकाजवळ रंगवलेले नाव: हॅनिबल. काळ ऑक्टोबर १९३१. जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीतील छायाचित्रकारांनी इम्पीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीच्या विमानाचे हे फोटो काढले. त्यांच्या निगेटिव्ह पुढे एरिक मॅटसन यांच्याकडे आल्या आणि १९६६ साली मॅटसन यांनी आपला वीस हजारांहून मोठा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला देऊन टाकला. आज तो संग्रह घरबसल्या पाहता येतो आणि त्यातले फोटो उतरवूनही घेता येतात.

असेच फोटो आता भिंतींवर आले आहेत. कॉफीची दुकाने, हॉटेलांच्या लॉब्या, सल्लागार कंपन्यांच्या बैठकीच्या खोल्या सगळीकडे ते दिसतात. पुण्या-मुंबईत नव्या फ्लॅटची सजावट करून देणारे सोफ्यामागच्या भिंतीसाठी तीन-तीन फोटोंचे संच सुचवतात. वेताच्या खुर्च्या मांडलेली विमानाची केबिन, टोपी सावरत शिडी चढणारी बाई, पाण्यावरून उठणारे उडते जहाज. काळी बारीक चौकट, पांढरा रुंद माउंट. फोटो देखणे असतात आणि खोलीला शोभाही आणतात. खाली मात्र एक अक्षर लिहिलेले नसते.

हॅनिबलच्या फोटोखाली एक ओळ असती, तर तिच्यात काय काय मावले असते! हँडली पेज कंपनीने बांधलेल्या या जातीची एकूण आठ विमाने होती. ताशी साधारण १६० किलोमीटर वेगाने ती उडत, म्हणजे आजच्या जलद रेल्वेगाडीइतकीच. पण प्रवाशांचा त्यांच्यावर विश्वास होता. शांततेच्या काळात, नियमित फेऱ्यांमध्ये त्यांनी एकाही प्रवाशाचा जीव घेतला नाही. मग १ मार्च १९४० रोजी हॅनिबल बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरील जिवानीहून शारजाकडे निघाले आणि ओमानच्या आखातावर नाहीसे झाले. आत आठ माणसे होती. त्यांत मद्रास प्रांताचे माजी मंत्री आणि जस्टिस पक्षाचे नेते सर ए. टी. पन्नीरसेल्वम होते. भारतमंत्र्यांचे सल्लागार म्हणून नेमणूक झाल्याने ते लंडनला चालले होते. ना विमान सापडले, ना माणसे. बाकीची सात विमाने वादळांत, अपघातांत आणि युद्धाच्या धामधुमीत संपली. आठांपैकी एकही आज कोणत्याही संग्रहालयात नाही. उरले ते फोटो.

हे कळल्यावर सोफ्यामागचा तो फोटो पूर्वीसारखा दिसत नाही. त्याच्या सौंदर्यात काही उणे होत नाही. उलट माणूस त्याच्यासमोर थोडा जास्त वेळ थांबतो. या लेखाचा आग्रह एवढाच आहे: आरंभीच्या हवाई प्रवासाचे फोटो घरात, दुकानात, कचेरीत जरूर लावावेत, पण विमानाचे नाव, ठिकाण आणि साल सांगणारी एक ओळ त्यांच्याखाली असावी. ती ओळ नसली की त्या फोटोचे वॉलपेपर होते.

एका गोष्टीची आठवण आधीच ठेवायला हवी. यातले बरेचसे फोटो मुळात जाहिरातीचे आहेत. विमानाने जाणे ही तेव्हा घाबरवणारी, महाग आणि शरीराला शिणवणारी गोष्ट होती. लोकांनी तिकिटे घ्यावीत म्हणून कंपन्या फोटोग्राफर बोलवत, केबिनमध्ये पांढरे टेबलक्लॉथ अंथरत आणि हसऱ्या चेहऱ्यांना बसवून फोटो काढत. उड्डाणातला थरकाप त्या फोटोंत कसा येणार? हॅनिबलच्या जातीच्या विमानांत पंख्यांजवळचा मधला भाग इतका गोंगाटाचा होता की तिथे सामान आणि स्वच्छतागृह ठेवून प्रवाशांना पुढे आणि मागे अशा दोन वेगळ्या केबिनमध्ये बसवावे लागे. अमेरिकेतल्या फोर्ड ट्रायमोटरमध्ये प्रवाशांना कानात घालायला कापूस मिळे. हवेचा दाब राखणारी केबिन असलेले पहिले प्रवासी विमान, बोइंग ३०७, सेवेत आले ते १९४० साली. तोवर विमाने खालच्या, खळबळत्या हवेतूनच जात आणि पोटातले उलटणे ही नेहमीची बाब होती. त्यासाठी ठेवलेल्या भांड्याचा फोटो कुणी चौकटीत लावत नाही आणि लावूही नये. पण पांढऱ्या टेबलक्लॉथवाल्या फोटोला ‘प्रवासाचे सुवर्णयुग’ म्हणून विकले जाते तेव्हा घेणाऱ्याला हे ठाऊक असलेले बरे.

आणि ते सुवर्णयुग कुणाचे? ३० मार्च १९२९ रोजी इम्पीरियल एअरवेजने लंडन ते कराची सेवा सुरू केली. क्रॉयडनहून बाझेलपर्यंत विमान, तिथून जिनोआपर्यंत रेल्वे, पुढे भूमध्य समुद्रावर उडते जहाज, मग पुन्हा जमिनीवर उतरणारे विमान, असा सात दिवसांचा प्रवास. भाडे १३० पौंड. रुपयाचा तेव्हाचा दर एक शिलिंग सहा पेन्स होता, म्हणजे सुमारे १,७३३ रुपये. एवढी रक्कम मोजणारे लोक फार थोडे होते. त्यात साहेब होते, संस्थानिक होते, मोठे व्यापारी होते. फोटोत दिसतात ते हे. पेट्रोलचे डबे वाहणारे, चाकांना खुट्ट्या लावणारे, पेट्या उतरवणारे लोक बहुधा कडेला असतात. छापताना फोटो कापला की सगळ्यांत आधी तेच जातात. म्हणून अशी एखादी प्रत घ्यायची असेल तर न कापलेली, पूर्ण फ्रेमची घ्यावी. मूळ निगेटिव्हची कड जिथे संपते तिथपर्यंतचे सगळे पाहायला मिळणे हा पाहणाऱ्याचा हक्कच आहे.

आठ तरुणींचा एक फोटोही याच पठडीतला. सारख्या टोप्या, खांद्यावर झगे, मागे बोइंगचे विमान. सजावटीच्या दुकानात तो ‘हवाई सुंदरी’ या सदरात मिळतो. खरी गोष्ट अशी की, एलेन चर्च ही आयोवाची प्रशिक्षित परिचारिका विमान चालवायला शिकली होती आणि तिला वैमानिकाची नोकरी हवी होती. ती कुणी देईना. तेव्हा तिनेच बोइंग एअर ट्रान्सपोर्टला सुचवले की विमानात परिचारिका असल्या तर प्रवाशांची भीती कमी होईल. १५ मे १९३० रोजी ती सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो यांच्यामधल्या मार्गावर पहिल्यांदा कामावर गेली. तिच्यासह आठ जणी निवडल्या गेल्या. वय पंचविशीच्या आत, वजन ११५ पौंडांच्या आत, उंची पाच फूट चार इंचांच्या आत, कारण केबिन अरुंद होती आणि प्रत्येक पौंड मोजला जाई. जेवण वाढणे हा त्यांच्या कामाचा एक भाग झाला. शिवाय सामान उचलायचे, खुर्च्या जमिनीला घट्ट आवळल्या आहेत का ते तपासायचे, वेळ पडली तर पेट्रोल भरायला आणि विमान हँगरमध्ये ढकलायला हात लावायचा. हे समजल्यावर त्या फोटोतल्या बाया वेगळ्याच ताठ उभ्या राहिलेल्या दिसतात. एखाद्या मुलीच्या खोलीत हा फोटो लावायचा असेल तर खाली ‘हवाई सुंदरी’ असे लिहू नये. ‘एलेन चर्च आणि सहकारी, १९३०’ एवढे पुरे.

त्याहून जुना आणि आकाराने लहान असा एक प्रसंग फ्लोरिडाचा आहे. १ जानेवारी १९१४. सेंट पीटर्सबर्गच्या धक्क्यावर गर्दी. वैमानिक टोनी जॅनस, सेवा सुरू करणारे पर्सिव्हल फॅन्सलर आणि शहराचे माजी महापौर एब्राम फाइल यांचा फोटो त्या दिवशी काढला गेला. वेळापत्रकाप्रमाणे चालणाऱ्या जगातल्या पहिल्या विमानसेवेचे पहिले तिकीट लिलावात काढले होते. फाइल यांनी ते ४०० डॉलरला घेतले. एरवी भाडे पाच डॉलर. लाकडी उडत्या होडीत वैमानिकाशेजारी एकच प्रवासी बसू शकत होता, आणि टँपा उपसागर ओलांडायला २३ मिनिटे लागली. सेवा चार महिन्यांत बंद पडली. जॅनस १९१६ साली रशियात वैमानिकांना शिकवत असताना काळ्या समुद्रावर अपघातात गेला. हा फोटो चकचकीत नाही. त्यात टेबलक्लॉथ नाही, गणवेश नाही. पण विमानप्रवासाच्या फोटोंपैकी भिंतीवर एकच लावायचा म्हटला तर तो हाच असावा. उद्योग म्हणून जे पुढे झाले त्याच्या आधीचा धीटपणा त्यात सरळ दिसतो.

बाजारात येणाऱ्या फोटोंबद्दल थोडे सावध राहायला हवे, कारण खोटेपणा अनेक वाटांनी येतो. सर्वांत साधी वाट तपकिरी रंगाची. १९३० च्या दशकातले वृत्तसंस्थांचे आणि कंपन्यांचे फोटो बहुतांशी शुद्ध काळे-पांढरे, राखाडीच्या सुंदर छटा असलेले होते. आज विकताना त्यांवर पिवळट तपकिरी झाक चढवली जाते, कारण गिऱ्हाइकाला ‘जुने’ म्हणजे तपकिरी वाटते. त्याने फोटोतले ढग आणि धातूची चमक दोन्ही मरते. दुसरी वाट चुकीच्या सालाची. फोटोखाली ‘१९२५’ आणि ‘डॉइचे लुफ्ट हान्सा’ असे दोन्ही लिहिलेले आढळले तर थांबावे. ती कंपनी जन्मली ६ जानेवारी १९२६ रोजी. ‘साठच्या दशकातला साधा वर्ग’ म्हणून ऐसपैस खुर्च्यांचे जे रंगीत फोटो फिरतात, त्यांतले काही बोइंग ७४७ च्या कारखान्यातल्या नमुना केबिनचे आहेत आणि बसलेले लोक मॉडेल. ते विमान प्रवासी घेऊन पहिल्यांदा उडाले १९७० च्या जानेवारीत.

तिसरी वाट नवी आणि वाईट आहे. संगणकाकडून रचून घेतलेली ‘जुनी’ विमानचित्रे आता फोटो म्हणून विकली जातात. ओळखायचे कसे? दुमजली पंखांमधल्या तारा पाहाव्यात. खऱ्या विमानात प्रत्येक तार कुठून तरी निघते आणि कुठे तरी बांधलेली असते. रचलेल्या चित्रात ती मधेच विरते. मग अंगावरची अक्षरे पाहावीत. नोंदणीची अक्षरे खऱ्या विमानाच्या अंगावर किंवा पंखांवर ठळक असतात, आणि तीच फोटोची खरी किल्ली. हॅनिबलची अक्षरे होती जी-एएजीएक्स. या अक्षरांवरून विमान कोणत्या साली बांधले, कुणाच्या मालकीचे होते आणि त्याचे शेवटी काय झाले हे शोधता येते. ज्या चित्रात ही अक्षरे गिजबिज होतात, ते घेऊ नये. कितीही देखणे असले तरी.

आता जवळचे पाहू. मराठी घराच्या भिंतीवर पॅन अम या अमेरिकन कंपनीची उडती जहाजे आणि पॅरिसचे विमानतळ यायला हरकत काहीच नाही. पण जुहू का येत नाही? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. विमान होते एक इंजिनाचे छोटे पुस मॉथ, अक्षरे व्हीटी-एडीएन. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. मुंबईहून पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला ते टपाल नेव्हिल व्हिन्सेंट यांनी नेले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्राकाठची मऊ जमीन. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, म्हणून त्या महिन्यांत सगळा कारभार पुण्याला येरवड्यात हलवावा लागे. पहिल्या पूर्ण वर्षात या सेवेने १५५ प्रवासी नेले. वर्षभरात एकशे पंचावन्न! कधीकधी प्रवासी टपालाच्या थैल्यांवर बसून जात. याच कामातून पुढे एअर इंडिया उभी राहिली. पुण्यातल्या टाटा सेंट्रल अर्काइव्ह्जमध्ये टाटा उद्योगांची कागदपत्रे आणि छायाचित्रे जपून ठेवली आहेत. जुहू, विलेपार्ले, येरवडा या भागांतल्या शाळांच्या आणि ग्रंथालयांच्या भिंतींवर त्या काळचा एक तरी फोटो, योग्य परवानगी घेऊन, ओळीसकट लागायला हवा. ज्या मुलांच्या डोक्यावरून दिवसभर विमाने जातात त्यांना तो पाहण्याचा पहिला हक्क आहे.

एअर इंडियाचा सर्वांत जास्त छापला जाणारा जुना फोटो म्हणजे ‘मलबार प्रिन्सेस’ या कॉन्स्टेलेशन विमानाचा. ८ जून १९४८ च्या रात्री ते मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघाले. युरोपला जाणारी भारतीय कंपनीची ती पहिली नियमित सेवा. एका बाजूचे भाडे १,७२० रुपये. एकोणीस वर्षांपूर्वीच्या कराची-लंडन भाड्याच्या अगदी जवळचा हा आकडा आहे. पाठीवर माशासारखा बाक, शेपटीला तीन उभी पाती. कॉन्स्टेलेशनइतके देखणे प्रवासी विमान फार थोडे झाले, आणि स्वतंत्र देशाला एक वर्षही झाले नसताना ते आपल्या नावाने उडाले, या अभिमानापोटी लोक तो फोटो लावतात. ते योग्यच आहे. पण ओळ पूर्ण लिहायची तर ३ नोव्हेंबर १९५० ही तारीखही यायला हवी. त्या दिवशी जिनिव्हाकडे उतरताना मलबार प्रिन्सेस माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि ४८ जण गेले. प्रवाशांत बहुतेक सगळे भारतीय खलाशी होते, इंग्लंडला जहाजावर रुजू व्हायला निघालेले. बचावाला गेलेल्या शामोनीच्या पथकातले वाटाडे रने पायो हेही बर्फात गेले.

इथे एक आक्षेप हमखास येतो. दिवाणखान्यात येणाऱ्या पाहुण्याला अपघाताची तारीख कशाला वाचायला लावायची? घर म्हणजे संग्रहालय नव्हे. भिंत मन प्रसन्न करण्यासाठी असते. आक्षेप खोटा नाही, आणि ज्याला तो मनापासून वाटतो त्याने ओळ चौकटीच्या मागच्या बाजूला लिहावी. पण समोर लिहिणाऱ्याची बाजू अधिक भक्कम आहे. मराठी घरात आजोबांची तसबीर लागते तेव्हा तिच्याखाली नाव असते, कधी जन्म आणि मृत्यूची वर्षेही असतात, आणि त्याने घराची प्रसन्नता कधी कमी झाली नाही. मलबार प्रिन्सेसमधले खलाशीही कुणाचे तरी वडील-आजोबा होतेच. त्यांच्या विमानाचा फोटो शोभेसाठी वापरायचा आणि त्यांचा उल्लेख मात्र टाळायचा, हे माणुसकीला धरून नाही. हॉटेल किंवा कॉफीच्या दुकानाच्या बाबतीत तर ही अपेक्षा आणखी रास्त आहे. तिथे रोज शेकडो लोक त्या भिंतीकडे बघत बसतात. पाच-सात शब्दांची एक पट्टी लावायला खर्च तो किती?

आंतरराष्ट्रीय झगमगाटात नागपूर विसरले गेले आहे, हे सगळ्यात जास्त खटकते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चार दिशांनी निघालेली विमाने मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. टपालाच्या थैल्या या विमानातून त्या विमानात जात, प्रवासीही विमान बदलत, आणि मग चारही विमाने अंधारातच परत फिरत. संध्याकाळी मुंबईत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्याला मिळावे, यासाठी ही सगळी धावपळ. वीस वर्षांहून अधिक काळ देशाचे टपाल असे नागपूरच्या धावपट्टीवर रात्री बारा वाजता हातोहात बदलले गेले. देशाच्या मध्यावर असल्याचा मान त्या शहराला भूगोलाच्या पुस्तकात नेहमी मिळतो. या सेवेने तो मान रोज रात्री कामाला लावला होता. धावपट्टीच्या दिव्यांत उभी असलेली डकोटा विमाने, थैल्या खांद्यावर घेतलेले टपाल कर्मचारी, विश्रामकक्षात डोळे चोळत बसलेले प्रवासी, हे दृश्य कोणत्याही परदेशी केबिनच्या फोटोहून भिंतीवर शोभून दिसेल. नागपूरच्या हॉटेलांनी न्यूयॉर्कच्या विमानतळाचे फोटो टांगण्याआधी आपल्या सोनेगावचे शोधावेत.

गोव्याची कथा आणखी निराळी. दाबोळीचा विमानतळ आणि पोर्तुगीज भारताची स्वतःची विमान कंपनी, दोन्ही १९५५ सालचे. भारताने लादलेल्या आर्थिक नाकेबंदीच्या काळात दमण, दीव आणि कराचीशी गोव्याचा संबंध या विमानांनी राखला. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय हवाई दलाने दाबोळीची धावपट्टी फोडली, तरी रात्रीच्या अंधारात दोन पोर्तुगीज विमाने उरलेल्या पट्टीवरून उठून कराचीला निसटली. दाबोळीच्या धावपट्टीचा त्या वर्षांतला फोटो कुणी फोंड्यात किंवा पणजीत घरात लावला, तर खालच्या ओळीत कोणते शब्द येतील? एका घरात ‘मुक्ती’ येईल, दुसऱ्या घरात कदाचित फक्त साल येईल. साल तरी यावे. त्यावर घरातल्या घरात वाद झाला तर तो करण्यासारखा वाद आहे.

शारजात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना यातला एक दुवा चालत जाऊन पाहता येतो. हॅनिबलच्या जातीची विमाने १९३२ पासून तिथे उतरू लागली आणि प्रवाशांना रात्र काढता यावी म्हणून किल्ल्यासारखे विश्रामगृह बांधले गेले. आज तेच अल महत्ता संग्रहालय आहे आणि जुन्या धावपट्टीच्या जागी शहराचा रस्ता वाहतो. हॅनिबलला १९४० च्या मार्चमध्ये ज्या ठिकाणी पोचायचे होते, ते हेच ठिकाण.

फ्रेम करून घ्यायची तर आपल्या हवेचाही विचार हवा. मूळ जुना फोटो, मग तो आजोबांच्या पेटीतला का असेना, भिंतीवर लावू नये. त्याची चांगली प्रत काढून ती लावावी आणि मूळ प्रत आम्ल नसलेल्या कागदी पाकिटात, कोरड्या कपाटात ठेवावी. ऊन फोटोला खाते आणि पावसाळ्यातली दमट हवा त्याहून वाईट. फोटो काचेला थेट टेकलेला असेल तर ओलाव्याने त्याचा थर काचेला चिकटतो आणि मग सोडवताना सोलून निघतो. मध्ये माउंट असला की ही भीती राहत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाच्या माऱ्याला तोंड देणारी बाहेरची भिंत टाळावी. ती टाळता येत नसेल तर चौकटीच्या मागे चारही कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावून हवा खेळू द्यावी. मागच्या पुठ्ठ्याची कड कागदाच्या पट्टीने बंद केली तर कसर आत शिरत नाही. फ्रेमवाले हे सगळे करून देतात, पण सांगितले तर.

आणि सांगताना ओळीचेही सांगावे. माउंटच्या खालच्या कडेला, फोटोच्या डाव्या टोकाशी, साध्या टायपात चार गोष्टी: विमान, ठिकाण, साल, मूळ फोटो कुठल्या संग्रहातला. विमानाचे नाव माहीत नसेल तर नोंदणीची अक्षरे लिहावीत. पुढच्या माणसाला तेवढ्यावरून शोध घेता येईल.

सगळ्यात तातडीचे काम मात्र दुकानात नाही, घरांत आहे. एअर इंडिया, इंडियन एअरलाइन्स, टपाल खाते, विमानतळांची कंत्राटे यांत नोकरी केलेली, आता ऐंशी-नव्वदीतली माणसे मुंबईत सांताक्रूझ-कालिन्यात, नागपुरात, पुण्यात, वास्कोत अजून आहेत. त्यांच्या कपाटांत विमानासमोर सहकाऱ्यांबरोबर काढलेले फोटो आहेत, आणि त्यांत डबे उचलणारे, इंजिन उघडून बसलेले, शिडी ढकलणारे लोक आहेत. जाहिरातींनी ज्यांना कापून टाकले ते हे लोक. त्यांची नावे आज फक्त त्या म्हाताऱ्या माणसांना सांगता येतात. नातवंडांनी या दिवाळीत अल्बम काढून शेजारी बसावे, प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावे डावीकडून उजवीकडे विचारून घ्यावीत आणि मऊ शिसपेन्सिलीने, हात हलका ठेवून, मागच्या बाजूला कडेला लिहावीत. बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई काही वर्षांत पाझरते.